वर्षाराणीच्या आरशाची पूजा

खंडेनवमीला इंगवल्यांच्या घरात कशाकशाची पूजा होते ते एकदा ऐकाच. खाली वर्कशॉपमध्ये दोन लेथ, ड्रिल मशीन, ग्राइंडर, पाने, हातोडे. दारात टेम्पो आणि धाकट्या ऋतुराजची बुलेट. वर घरात विळी, मिक्सर, शिलाई मशीन, पोरांची दप्तरं. गेल्या साली तर कहर झाला. टीव्हीच्या रिमोटला हळदकुंकू लागलं, त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही! आणि त्याच घराच्या टेरेसवर, पत्र्याच्या खोलीत, थोरल्या सुनेनं स्वतःच्या हातानं केलेली दुर्बीण उभी होती. तिच्यापर्यंत फूल सोडा, पाकळी घेऊनसुद्धा कुणी गेलं नव्हतं. दुर्बीण झाल्यापासून एकदाही नाही.

थोरली सून म्हणजे वर्षाराणी. माहेर गारगोटीचं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, तेही पहिल्या वर्गात, आणि निकालाचे पेढे संपायच्या आत तिचं लग्न कोल्हापुरात उद्यमनगरच्या विश्वजित इंगवल्याशी लागलं. माणूस वाईट नाही हो विश्वजित. व्यसन नाही, वरचा आवाज नाही, आणि लेथवर हात असा की लोक लांबनं काम घेऊन येतात. सासू तानाबाई तर सोन्यासारखी. छळ वगैरे काही झाला नाही वर्षाराणीचा. फक्त एवढंच, की बाई तू शिकलीस ते काय शिकलीस, असं त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. खालच्या खोलीत ती दहावीच्या पोरांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायला लागली, आणि घरच्यांनी त्याला 'वेळ जातो तिचा' असं नाव दिलं.

मग एका कॉलेजात दुर्बिणीचा आरसा घासायचं शिबिर भरलं. वर्षाराणीनं नाव घातलं. आठ इंच रुंद काच पिंपावर ठेवायची, वर पूड टाकायची, त्यावर दुसरी काच, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासायचं. शिबिर संपलं, बाकीच्यांच्या काचा माळ्यावर गेल्या. हिनं आपली काच टेरेसवर आणली आणि वर्षभर घासली. सैपाक उरकून घासली, शिकवण्या उरकून घासली, घरात पाहुणे असताना वाळवण घालायला जाते म्हणून वर जाऊन घासली. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूकसुद्धा चालत नाही त्या कामात. शेवटी पुण्याला पाठवून काचेच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला, तेव्हा कुठं तिचा आरसा झाला. नळी, आरशाची बैठक आणि स्टँड विश्वजितनं करून दिलं. एक नंबर करून दिलं, हे कबूल केलं पाहिजे. पण करून दिलं आणि पाठ फिरवली. एकदा डोळा लावून बघा तरी म्हटलं, की म्हणायचा, "बघतो की सवडीनं. आभाळ कुठं पळून चाललंय व्हय?"

तिला नाद लागला तो शुक्राचा. आपल्या डोळ्यांना शुक्र दिसतो तो ढगांनी गच्च झाकलेला. पांढरा, गुळगुळीत, सोललेल्या उकडल्या अंड्यागत. रेघ नाही, डाग नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वर्षाराणीला रडूच आलं. वर्षभर हात झिजवले ते ह्याच्यासाठी? मग तिनं वाचलं, की तेच ढग अतिनील किरणांत बघितले तर चित्र पालटतं. अतिनील म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण, ज्यांनी उन्हात कातडी रापते तेच. त्या उजेडात शुक्राच्या ढगांवर काळे पट्टे उमटतात, आडवे, वाकडे, एकमेकांत शिरलेले. वरच्या ढगांत काहीतरी आहे जे अतिनील उजेड गिळून टाकतं, आणि ते नक्की काय आहे हे आजवर कुणी छातीठोकपणे सांगू शकलेलं नाही. आणखी एक गंमत. शुक्राला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला आपले आठ महिने लागतात, आणि त्याचे ढग मात्र चार दिवसांत सगळा ग्रह फिरून परत समोर हजर! असलं वारं आहे तिथं.

साधी काच हे किरण पिऊन टाकते. म्हणून भिंगाची दुर्बीण इथं कुचकामी, आरशाचीच पाहिजे, आणि पुढं काळाकुट्ट दिसणारा खास फिल्टर आणि कॅमेरा. हे काम रात्रीचंही नव्हे. पहाटे उगवलेला शुक्र खाली असतो तेव्हा त्याचं चित्र थरथरतं. तो वर चढेपर्यंत थांबायचं, म्हणजे सूर्य येतो आणि लख्ख उन्हात नळीवर सावली करून फोटो घ्यावे लागतात. सकाळी शेजारणी कपडे वाळत घालायच्या, आणि ही बाई भर उन्हात शुक्र बघायची. लोक काय म्हणत असतील ते तुम्हीच ठरवा. घरात ऋतुराज पोह्याची ताटली हातात घेऊन विचारायचा, "काय वैनी, शुक्रावर पाऊसपाणी कसं काय यंदा?"

"तिथं पाणी न्हाई भावजी, गंधकाचं आम्ल पडतंय," ती म्हणायची. "तुम्हाला द्यायचं काय पाठवून वाईच?"

हसण्यावारी न्यायची ती. पण किती दिवस हसायचं माणसानं? तिचे फोटो जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या एका गटात जायचे. तिथं तिच्या नावाला मान होता, कारण ढग चोवीस तास पळतात आणि एका देशातनं त्यांचा पाठलाग होत नाही. एकाकडं शुक्र मावळला की दुसऱ्यानं धरायचा. हिंदुस्थानातनं धरणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी, त्यातली एक उद्यमनगरात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय खोटं आहे?

यंदाच्या नवरात्रात, षष्ठीच्या सकाळी, वर्षाराणीला एक वेगळंच काहीतरी सापडलं. ढगांत एक काळा पट्टा, आणि त्याची एक कड सुरीनं कापल्यासारखी सरळ. बाकीचे पट्टे कसे विरत गेलेले असतात, हा विरत नव्हता. तिनं फोटो पाठवले. गट चालवणाऱ्या परदेशी बाईंचं लगेच उत्तर आलं. अशी कड टिकते का, एक फेरी मारून तशीच्या तशी परत येते का, हे बघायला पाहिजे. हिशोबानं ती परत समोर येणार दसऱ्याच्या सकाळी. तेव्हा युरोपात अजून उजाडलेलं नसणार, अमेरिकेत शुक्र उगवलेलाच नसणार, आणि पूर्वेकडच्या दोघांच्या डोक्यावर वादळाचं आभाळ. म्हणजे त्या सकाळी ती कड बघणारी एकटी वर्षाराणी. चुकली तर ती परत आली होती की नव्हती, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं.

अष्टमीला संध्याकाळी विश्वजित उद्या काय काय धुवायचं ते मोठ्यानं मोजत बसला होता. वर्षाराणी पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"आणि माझी दुर्बीण?"

ऋतुराज फिस्सकन हसला. विश्वजितही हसला, ते तिला जास्त लागलं. "अगं, ज्याच्यावर पोट चालतंय त्ये हत्यार. दुर्बीण काय, हौस हाय."

"व्हय? मग रिमोटवर कुणाचं पोट चालतंय ह्या घरात? त्याला कुंकू लावलासा की!"

तानाबाई लसूण सोलत होती. ती मान वर न करता लेकाला म्हणाली, "खरं बोलतीया ती. माझी विळी पुजता, तिचं हत्यार पुजायला काय हात झडत्यात?" विषय तिथंच संपला, असं वर्षाराणीला वाटलं. तिला बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. निदान सासूनं तरी हत्यार म्हटलं.

नवमीच्या सकाळी तिनं फोटो घेतले. ती कड अजून पलीकडच्या अंगाला होती, दिसली नाही. दिसणार नव्हतीच. उद्या. दुर्बिणीवर कापड टाकून ती खाली आली आणि नैवेद्याच्या मागं लागली. पुरण शिजत होतं, कटाची आमटी उकळत होती. वर काय चाललंय इकडं तिचं लक्ष नव्हतं.

वर काय चाललं होतं? वर विश्वजित मन लावून काम करत होता. कालचं हसणं त्याला टोचलं होतं, आईचं बोलणंही टोचलं होतं. त्यानं ठरवलं, पूजा करायची तर नुसतं फूल टाकून नाही, वर्कशॉपच्या रीतीनं करायची. वर्कशॉपची रीत म्हणजे खंडेनवमीला मशीन खोलायचं, पार्ट न् पार्ट पुसायचा, पॉलिश मारून चकचकीत करायचा आणि मगच कुंकू लावायचं. बैठक त्यानंच केलेली होती, त्यामुळं स्क्रू कुठं आहेत ते त्याला ठाऊक होतं. आरसा बाहेर काढला. तोंडावर बारीक धूळ, एखादा डाग. त्याला वाटलं, अरारा, बायकोच्या हत्याराची ही दशा? काढलं मेटल पॉलिश, घेतलं कापड, आणि लागला घासायला. डाग जाईना तसा जोर वाढवला. कारागीर माणूस! हातात घेतलं की अर्धवट सोडत नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

वर्षाराणी नैवेद्याचं ताट घेऊन वर आली. दुर्बिणीच्या नळीला झेंडूची माळ. पुढं पाट, पाटावर तांबडा खण, खणावर तिचा आरसा, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. तानाबाई हात जोडून उभी, विश्वजित घाम पुसत उभा. "बघ," तो म्हणाला, "कसा लख्ख केलाय!"

लख्खच होता. इतका लख्ख, की आरशातनं खालचा तांबडा खण दिसत होता. खणाची नक्षी दिसत होती. कडेला तेवढा मुलाम्याचा कुरतडलेला पट्टा शिल्लक, बाकी नुसती काच.

तिनं ताट खाली ठेवलं. "काय केलासा हो ह्ये?" एवढंच तिच्या तोंडातनं बाहेर पडलं.

"पुसला. का? काय झालं?"

"मुलामा काढलासा तुम्ही. सगळा."

"अगं, आरशाचा पारा मागनं असतोय. मी तर पुढनं—"

"पुढनं असतोय! दुर्बिणीच्या आरशाला तोंड पुढनंच असतंय!" आता तिचा आवाज चढला, आणि अख्ख्या गल्लीनं ऐकला. "एवढी वर्षं झाली, एकदा डोळा लावला असतासा तर कळलं असतं तुम्हाला! एकदा इचारला असतासा, की बाई, ह्याला हात लावू का? तुमच्या मायक्रोमीटरनं मी शेंगा फोडल्या असत्या तर? घर डोक्यावर घेतला असतासा! लेथच्या बेडवर मी घासणी मारली असती तर माझ्या माहेरपर्यंत फोन गेले असते!"

"मी प्रेमानं केलं की गं..."

"प्रेम कुणी मागितलं तुमच्याकडं? इचारायचं हुतं! एक शब्द!"

आवाज ऐकून ऋतुराज वर आला. आरसा बघितला आणि म्हणाला, "एवढंच व्हय? वैनी, महाद्वार रोडला मिळतोय की असला आरसा. संध्याकाळी आणतो." वर्षाराणीनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो आला तसा खाली गेला. पोर कुठं नालायक होतं? त्या घरात कुणीच नालायक नव्हतं, तेच तर दुखणं आहे! वाईट माणसांशी भांडता येतं. ह्या भल्या माणसांनी तिची वर्षं न् वर्षं हौसेच्या खात्यावर टाकली आणि वर पूजा करून पुसून टाकली, आता भांडायचं तरी कुणाशी?

तानाबाई मटकन खाली बसली होती. "माझ्याच तोंडानं बोललो मी. माझ्यानंच झालं," म्हणून तिनं कपाळाला हात लावला. सासूवर मात्र वर्षाराणीला चिडता येईना. ती तिच्या शेजारी बसली आणि दोघी त्या काचेकडं बघत राहिल्या. पुण्याहून परत मुलामा करून आणायला महिना गेला असता. आणि कड येणार होती उद्या सकाळी.

बसल्या बसल्या तिला काचेत काहीतरी दिसलं. अंधुक, पण दिसलं. माळेतलं फूल. उलटं.

ती ताडकन उठली. अगं, खिडकीच्या साध्या काचेतसुद्धा आपलं तोंड दिसतंच की! मुलामा गेला म्हणजे शंभरातले चार भागच उजेड परत फिरेल, पण फिरेल. काचेचा बाक तर तिनंच घासलेला होता, तो हातानं मारलेल्या एका पॉलिशनं कुठं जाणार होता? दुसरा कुठला ग्रह असता तर हात टेकले असते. पण शुक्र! सगळ्या ग्रहांत लखलखीत. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला तर काहीतरी पदरात पडलं असतं. अडचण एकच होती. कडेला उरलेला मुलाम्याचा पट्टा उजेड फाकवून सगळं चित्र बिघडवणार. तो काढायला पाहिजे होता, आणि तोही आजच.

"आत्ती, मला आरसा उचलायला लागंल."

तानाबाईनं चमकून बघितलं. पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या पूजेआधी हलवायचं नाही. त्या दिवशी खाली दोन्ही लेथ बंद होते, बुलेट दारात माळ घालून उभी होती, आणि ऋतुराज गपगुमान चालत बाजारात जाऊन आला होता. चाळीस वर्षांत तानाबाईनं हा नेम मोडू दिला नव्हता.

"लईच नड हाय?"

"उद्या सकाळी न्हाई झालं तर कधीच न्हाई होणार."

म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. हात जोडून काहीतरी पुटपुटली. मग तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि स्वस्तिक स्वतः पुसलं. "मी मांडली, मीच उचलतो," ती म्हणाली. "तुला दोष नगं."

संडास धुवायचं ॲसिड हातमोजे घालून कापसावर घेऊन वर्षाराणीनं उरलेला मुलामा काढला. स्वतःच्या हातानं. वर्षभर ज्याच्यासाठी राबली, त्याचा शेवटचा पट्टा तिनंच पुसला, आणि पुसताना ती ढसाढसा रडली. विश्वजित दारात उभा होता. "मी करू काय?" म्हणून त्यानं विचारलं. "नको," ती म्हणाली. दुसरा शब्द तिनं त्याला त्या दिवशी दिला नाही.

दसऱ्याला सकाळी आभाळ निवळ होतं. वर्षाराणी टेरेसवर आली तर विश्वजित आधीच तिथं होता, नळीवर सावली करायचा पत्रा हातात धरून. तिनं त्याला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. दुर्बीण शुक्रावर लावली, फिल्टर बसवला, कॅमेरा जोडला. लॅपटॉपवर एक मरतुकडी अर्धी कोर उमटली, इतकी अंधुक, की आहे का नाही तेच कळेना. मग तिनं कॅमेऱ्याचा वेळ वाढवला. आणखी वाढवला. ऊन डोक्यावर चढेपर्यंत शेकड्यांनी फोटो घेतले, आणि खाली चहा गार झाला तरी कुणी तिला हाक मारली नाही. मग ते सगळे फोटो एकावर एक रचायला लावले. लॅपटॉप घरघरत बसला.

चित्र हळूहळू वर आलं. रवाळ होतं, एरवीच्या फोटोंच्या पासंगालाही लागलं नसतं. पण पांढऱ्या कोरीवर काळे पट्टे होते. आणि त्यांतल्या एकाची कड सरळ होती. कापल्यासारखी. षष्ठीला होती तशीच. सगळा ग्रह फिरून ती कोल्हापूरच्या समोर परत आली होती.

वर्षाराणीनं दोन्ही हात तोंडावर धरले. मग चित्र पाठवून दिलं.

विश्वजितचे हात भरून आले होते, पण पत्रा अजून तसाच धरलेला. तो वाकून स्क्रीनकडं बघत होता.

"ह्ये ढग?" त्यानं विचारलं. "शुक्रावरचं?"

"व्हय."

"आणि ह्ये असंच फिरत असतंय? रोज? इतकी वर्षं?"

"व्हय."

"आयला," तो हळूच म्हणाला, "आणि मला ठावंच न्हाई."

वर्षाराणी वळली. डोळे सुजलेले होते, राग तसाच होता, रात्रभर झोपून एक इंचही कमी झालेला नव्हता.

"ढगांचं ऱ्हाऊ दे हो," ती म्हणाली. "ते लई लांब हैत. मी तर हितंच हुतो की. तुमच्या डोक्यावर, ह्याच टेरेसवर, रोज सकाळी."